क्लोज द लाईट

कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या क्लिनिकमधले सोनोग्राफीचे डॉक्टर मूळचे मॉन्ट्रियलचे. सगळा प्रांत फ्रेंच बोलणारा आणि हे पिढ्यान्पिढ्या इंग्रजी बोलणाऱ्या मूठभरांतले. तिथले फ्रेंच त्यांना इंग्रज समजतात, इथले इंग्रज त्यांच्या इंग्रजीला हसतात. त्यांना कशाचंच काही नाही. कोपऱ्यावरच्या ज्या दुकानाला अख्खं कुवेत बकाला म्हणतं, त्याला ते खुशाल मॉन्ट्रियलसारखं 'डेप' म्हणतात.

परवा एक कुवेती आजी टेबलावर झोपल्या आणि मी सवयीने म्हणाले, "आय विल क्लोज द लाईट." मराठीत दिवा बंद करतो, तेच तोंडात आलं. लंडनहून आलेल्या नव्या मॅडमनी लगेच टोकलं, "सिस्टर, लाईट क्लोज नाही, स्विच ऑफ करतात." माझे कान तापले.

डॉक्टरांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "आमच्या घरी क्लोजच करतात. फ्रेंचांकडून घेतलंय, परत देणार नाही."

तेवढ्यात आजी वैतागून ओरडल्या, "बन्निदी लेत!" लेत म्हणजे लाईट आणि बन्निदी म्हणजे बंद कर; त्यांच्या अरबीतही आमचं 'बंद'च निघालं.

मी दिवा बंद केला. अंधारातून डॉक्टरांचा आवाज आला, "सिस्टर, जन्मात पहिल्यांदाच मी बहुमतात आहे."