मामा, मोटार आणि उकळतं पाणी

ऑगस्टच्या भर दुपारी, काचा नसलेल्या मोटारीतून, आपखुशीने हिंडणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा होता. आठवडाभर रास लफानला गॅस प्लांटवर नोकरी, आणि शुक्रवार उजाडला की दोह्यात, अबू हमूर भागात आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे घरात नव्हे. बाहेर शेडमध्ये उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या मोटारीच्या बॉनेटमध्ये. जेवायला हाक मारली की आधी वाफ बाहेर यायची, मग मामा.

मोटार आमच्या घरमालकांची, अबू खालिद यांची. त्यांच्या वडिलांनी ती हौसेने परदेशातून आणवली होती आणि त्यांची आई नवी नवरी होऊन तिच्यातूनच घरी आली होती. आता विश्वचषकाआधी दोह्यात जुन्या मोटारींची मिरवणूक निघणार होती, आणि आईला पुन्हा त्याच सीटवर बसवायचं अबू खालिद यांनी मनावर घेतलं होतं. पण मोटार जरा चालली की तिचं पाणी उकळायचं. तिला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपणहून वर चढणार, गार होऊन खाली येणार, असा सगळा मर्जीचा कारभार. "मिरवणुकीत गाडी रांगते, जावईबापू. रांगताना वारा लागत नाही. म्हातारीच्या अंगावर वाफ उडाली तर?" मामा म्हणायचे, आणि स्वतःच्याच आईला बसवायचं असल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

तशी तापणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांची माया. कुकरची शिट्टी लांबली की ते स्वयंपाकघरात धावत. मला ताप आला तेव्हा कपाळ आणि मान दोन्ही चाचपून म्हणाले, "पुढून गार, मागून गरम. सर्क्युलेशन बिघडलंय." रेडिएटरच्या नळ्यांतला क्षार काढायला त्यांनी घरातली सगळी चिंच भिजवून ओतली. केतकी, म्हणजे माझी बायको, कुरकुरली, "मामा, आता आमटीत काय घालू?" तर म्हणाले, "पोरी, आमटी मिरवणुकीत जाणार आहे का?"

रस्त्यावरची चाचणीही उफराटी. समोरून वारा असला की कुठलीही गाडी गार राहते, म्हणून त्यांना तो पाठीमागून हवा. इथे तो उत्तरेकडून येतो. तेव्हा मोटार ट्रकवर चढवून पार उत्तर टोकाला, अल रुवैसला न्यायची आणि तिथून दक्षिणेकडे निघायचं. त्यात विश्वचषकासाठी निम्मे रस्ते खणलेले, एखादं डायव्हर्शन मध्येच वाऱ्याकडे तोंड करायला लावायचं आणि मामा "खलास! टेस्ट बाद!" म्हणून कपाळाला हात लावायचे. बरं, चढाची परीक्षा घ्यायला या देशात घाट नाही. म्हणून त्यांनी माझी गाडी दोराने मागे बांधली, आत मला आणि केतकीला बसवलं आणि सांगितलं, "जावईबापू, अधूनमधून ब्रेक दाबा. तुम्ही कसारा घाट आहात."

म्हातारी मोटार नवीकोरी गाडी ओढत चाललेली पाहून एका पोलिसाने थांबवलं. "किसका गाडी खराब?"

"किसी का नहीं," मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ये हमारा चढाव है."

पोलिसाने सपाट वाळवंटाकडे एकदा पाहिलं, थंड पाण्याची बाटली मामांच्या हातात ठेवली आणि "यल्ला, यल्ला" म्हणत निघून गेला.

त्या दिवशी मात्र पाणी उकळलं नाही. मामांनी मोटार थांबवली, रेडिएटरवर हात ठेवला आणि रस्त्याच्या कडेला बसकण मारली. आनंदाने नाचतील असं वाटलं होतं. ते नुसतंच "झालं" म्हणाले. परतल्यावर अबू खालिद यांनी त्यांना मिठी मारली. "मिरवणुकीत चालवायची तुम्हीच!" "इन्शाल्ला," मामा हसले. त्यांची नोकरी मिरवणुकीच्या आधीच संपत होती, हे आम्हाला त्या रात्री जेवताना कळलं. व्हिसाही नोकरीबरोबरच संपणार होता. मामा नाशिकला परतले.

मिरवणुकीला मी आणि केतकी समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. झेंडे, ढोल, गर्दी. मोटार रांगत आली. अबू खालिद चालवत होते आणि शेजारी त्यांची आई ताठ बसून लोकांकडे पाहत हात हलवत होती. वाफेचा मागमूस नव्हता. मी मामांना फोन लावला आणि तो मोटारीच्या दिशेने धरला. ती अगदी जवळून गेली, मग दूर गेली. मी फोन कानाला लावला.

"मामा, ऐकू आलं का?"

"आलं," ते म्हणाले. "इतक्यात ठेवू नका हं फोन."