द्वारकेचं बोरनहाण

बोरनहाण म्हणजे काय, ते आवडाला औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत आल्यावर कळलं. वैजापूरकडच्या तिच्या माहेरी पोरं बोरं झाडाखालीच खायची. कुणी पाटावर बसवून डोक्यावरून ओतत नसे. हे शिकवलं शेजारच्या दमयंतीवहिनींनी. गल्लीतल्या बायका आवडाच्या बोलण्याला हसायच्या. दार उघडं असायचं ते वहिनींचंच. त्यामुळे वहिनींचं सगळं चालवून घ्यायची तिला सवय झाली होती.

यंदा तिच्या लेकीला, द्वारकेला, पाचवं सरत होतं. पाचाच्या पुढं बोरनहाण करत नाहीत, हेही वहिनींनीच सांगितलेलं. मागची वर्षं सुतकात आणि गोवरात गेली, म्हणजे हे एकच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करता येतं, म्हणून आवडानं रथसप्तमी धरली आणि सगळ्यांत आधी वहिनींना सांगितलं.

“बरं झालं. पण माझ्या वैजूचे दागिने आधी कर हं. तुझ्या हलव्याला काटा सुरेख येतो,” वहिनी म्हणाल्या. “आणि बोरं तुमच्या गावाहून मागव दोघींना. तिकडं ढोरंसुद्धा खात नसतील.”

“खात्यात की वहिनी,” म्हणत आवडा हसली.

आठ दिवस ती निखाऱ्यांवरच्या परातीत बोटांनी खसखस हलवत, चमच्याचमच्यानं पाक सोडत बसली. हलव्याला काटा आला आणि तिच्या बोटांना फोड. वैजूचा मुकुट झाला, हार झाला, बाजूबंद झाले. उरल्यासुरल्या हलव्यातून द्वारकेला एकपदरी माळ झाली.

रथसप्तमीला सकाळी आवडा घरोघर बोलावणं करून आली. बायका “बघू” म्हणाल्या. चारपासून द्वारका काळा फ्रॉक घालून पाटावर बसली होती. सुपात बोरं, मुरमुरे, उसाची कांडकी. पाच वाजले तरी एक पोर उंबऱ्यात आलं नाही. मग भिंतीपलीकडून कल्ला ऐकू आला.

आवडा दारात आली. समोरच्या यमुनाबाई नातवंडांना घेऊन वहिनींकडे शिरत होत्या.

“परवाच दमयंती कुंकू लावून गेली गं,” त्या म्हणाल्या. “तिचं बोलावणं आधीचं. दोन्हीकडं कसं जमायचं?”

“आई, तिकडं चल ना,” द्वारका म्हणाली.

आवडानं सूप उचललं.

“ये, ये, तुझीच वाट बघत होते,” वहिनी हसत म्हणाल्या. “वेगळं कशाला? बसव तिलाही वैजूशेजारी.”

पाटावर जागा नव्हती. द्वारका कडेला टेकली. आवडाची बोरं वहिनींच्या सुपात गेली आणि वैजूच्या मुकुटावरून घरंगळली. शेवटी मूठभर द्वारकेच्या डोक्यावर पडली. तोवर पोरांची वेचायला झुंबड उडाली होती.

“दागिने कुणी केले?” यमुनाबाईंनी विचारलं.

“आठ दिवस बोटं भाजलीत माझी,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आवडाकडे पाहिलंही.

आवडानं हात पदराखाली घेतले.

निघताना वहिनी तिच्या कानाशी आल्या. “मला पुन्हा दिवस गेलेत. अजून कुणाला बोलू नकोस. पुढच्या संक्रांतीला त्याचे दागिनेही तूच करायचे.”

“व्हय वहिनी,” आवडा म्हणाली.

घरी तिनं द्वारकेच्या गळ्यातली माळ काढली. माळेला मुंग्या लागल्या होत्या.

“आई, माझं बोरनहाण झालं?”

“झालं की,” आवडा म्हणाली, आणि रिकामा पाट उचलून भिंतीला लावला.