बाबांचे डोळे कशाने गेले

पोटात गाठी आहेत हे कळल्यापासून माझं चित्त एका जागी राहत नव्हतं. मी सुरतेला राहते, साड्यांवर टिकल्या लावायचं काम करते. शाळा सातवीतच सुटली. सोनोग्राफीच्या कागदातलं मला एवढंच कळलं, की माझ्या स्वादुपिंडात पाण्याच्या गाठी झाल्या आहेत. नवऱ्याला सुट्टी मिळेना. पोरीला त्याच्याजवळ ठेवून मी एकटीच अकोल्याला उतरले. माहेराहून, हिवरखेडहून, दादा आला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं. तिथे म्हणाले, गाठी वाईट वळणाच्या असू शकतात, स्वादुपिंडाचा तुकडा काढावा लागेल. सोमवार ठरला.

मला वाटत होतं, हे काही ऑपरेशनने जाणारं नाही. माझ्या बाबांचे दोन्ही डोळे ऐन तिशीत गेले. अंबादेवीला बोललेला नवस त्यांनी फेडला नाही म्हणून कोप झाला, असं आमच्या घरात सगळेच मानत. ते बाहेर बोललं तर कोप लेकरांवर उतरतो, असंही मानत. आणि दोन महिन्यांपासून माझ्या डाव्या डोळ्यासमोर धूसर डाग हलत होता. नवऱ्यालाही मी तो सांगितला नव्हता. त्यामुळे डॉक्टरांनी "घरात कोणाला काही आजार?" असं विचारलं तेव्हा मी "नाही जी" म्हणाले. खोटं बोलले असं मला वाटलंच नाही. कोपाला कोणी आजार म्हणतं का?

शुक्रवारी रक्त तपासायच्या रांगेत बसले होते. उठत होते, परत बसत होते. मनात देवीजवळ एकच घोकणी, माय, बाबाचं माह्यावर काढू नको. बाजूला एक म्हातारी बाई होती, नवऱ्याला दाखवायला आलेली. फोन आला की "जय भीम" म्हणून उचलायची. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती म्हणे.

"काहून वो, सारखी डोळा चोळून राहिली?"

दादा चहा आणायला गेला होता, म्हणूनच माझं तोंड उघडलं असेल. नवस, कोप, डाग, सगळं सांगत सुटले. तिने मध्येच थांबवलं.

"वडील वारले कशानं?"

"किडनीत गाठ झाली होती."

"हे डॉक्टरले सांगतलं?"

"नाही मावशी. ते देवीचं हाय ना."

"देवीले दुसरा कामधंदा नाही काय? मी तं तिले मानत नाही. पण तू मानते, मंग आपल्या मायले येवढी खुनशी काहून समजते वो?"

आधी मला रागच आला. मग कळलं, लहानपणापासून मी देवीपुढे फक्त भीतीनेच हात जोडले. मान वर करून तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. "बापाचं सारं डॉक्टरले सांग," म्हणत मावशीने दंडाला धरून मला त्यांच्या दाराशी नेलं. तेवढ्यात दादा समोर आला.

"येडी झाली काय? बाबाचं काढू नको म्हटलं होतं ना!"

"तू चहा पी, भाऊ," मावशी म्हणाली. "थंडा होईल."

सगळं ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. त्याच दिवशी डोळे तपासले, नंतर किडनी आणि डोकं; तिथे काही निघालं नाही. डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची बारीक गाठ निघाली, ती लेझरने जाळली. डॉक्टर म्हणाले, बाबांचा आणि माझा, हा रक्ताच्या नात्यातून येणारा एकच आजार आहे. तो डोळ्यात, किडनीत, मेंदूत, स्वादुपिंडात गाठी करतो. त्यातल्या स्वादुपिंडाच्या पाण्याच्या गाठी सहसा कॅन्सरकडे वळत नाहीत. माझ्या तशाच दिसतात, तेव्हा कापायचं नाही, दरवर्षी तपासायचं. सोमवार रद्द झाला. डोळा वाचला.

मावशीला खूप शोधलं. नावसुद्धा विचारलं नव्हतं. तो चमत्कार होता असं मी म्हणत नाही, तिला ते आवडणारही नाही. मी देवीला हाक मारत होते आणि देवीला न मानणाऱ्या बाईने ओ दिली, एवढंच मला ठाऊक.

दादा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. पण अकोल्याला जाऊन गुपचूप डोळे तपासून आला, हे वहिनीने सांगितलं.

आता पोरीचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट यायचा आहे. जीव थाऱ्यावर नाही, दहादा फोन पाहते. पण देवीसमोर बसते तेव्हा माफी मागत नाही. जे येईल ते येऊ दे माय, तू संगं राहा, एवढंच म्हणते. आणि पोरीला शिकवून ठेवलंय, "तुह्या आजोबाचे डोळे आजारानं गेले, बाई. कोणी विचारलं तं सांगजो."