लाल ठिपक्यापासून हिरव्या ठिपक्यापर्यंत

मुखवटा तिच्याच चेहऱ्याचा होता, आणि तीच खरी पंचाईत होती. जरा बसकं नाक, पुढे आलेली हनुवटी, सगळं तिचं. जाळीदार पांढरं प्लास्टिक गरम पाण्यातून काढून, मऊ असताना चेहऱ्यावर दाबलेलं. गार झाल्यावर ते हाडासारखं कडक झालं होतं. किरणोपचाराच्या त्या तळघरात असे वीस-पंचवीस चेहरे भिंतीवरच्या खुंट्यांना ओळीनं टांगले होते. नाक सगळ्यांना, डोळे कुणालाच नाहीत.

मशीनवाल्यानं तिचा चेहरा खुंटीवरून काढला. पन्नाशीचा, गलेलठ्ठ, सदा सर्दी झालेला माणूस. "दहा मिनिटं, मावशी. डोकं हलू नये एवढ्यासाठी हे. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! मुखवटा बसला आणि टेबलाच्या कडेला खटके लागत गेले. एक. दोन. तीन. पापण्या जाळीला घासायला लागल्या. चौथ्या खटक्याला तिनं ओरडायचा प्रयत्न केला, पण तोंड उघडायला जागा कुठे होती? आवाज नाकातून आला, रेडकासारखा. मग तिनं पाय झाडले. शेजारचं स्टूल उडून भिंतीवर आदळलं. मशीनवाल्यानं भराभर खटके काढले. खोलीचा तो वीतभर जाड दरवाजा अजून लागलाही नव्हता.

हा दुसरा दिवस. आदल्या दिवशी तीन खटक्यांपर्यंत मजल गेली होती. प्रगती म्हणायची तर एवढीच.

ती उठून बसली. गालांवर जाळीची नक्षी उमटली होती. मशीनवाल्यानं पाण्याचा पेला पुढे केला, तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि एकदम म्हणाला, "अहो, तुम्ही ग्रंथालयातल्या रॉकेटबाई ना? मला ते निळं पुस्तक तुम्हीच दिलं होतंत. अंतराळवीराचं. त्यातला परतीच्या अवकाशकुपीचा भाग आठवा की! काय लिहिलंय त्यानं! मी इथं घाबरलेल्या प्रत्येक पेशंटला तेच सांगतो."

"हो," ती म्हणाली. "आठवतंय ना."

साफ खोटं. तो भाग तिनं वाचलेलाच नव्हता.

आता हे नीट सांगायला हवं. चौतीस वर्षं ती सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसली. टेबलाशेजारी तिनं एक कप्पा राखून ठेवला होता. वर पाटी: 'हे वाचाच'. कप्प्यात फक्त अवकाशप्रवासाची पुस्तकं. जाऊन आलेल्यांनी स्वतः लिहिलेली, त्यांच्या बायकांनी लिहिलेली, यान बांधणाऱ्यांनी लिहिलेली. प्रत्येकात तिच्या अक्षरातलं एक कार्ड: कुणासाठी, का, आणि कुठल्या पानावर जरा थांबायचं. प्रेमकथा मागायला आलेली बाई कप्प्यापाशी रेंगाळायची आणि चंद्र घेऊन घरी जायची. अशी तिच्या बोलण्याची जादू. म्हणून नाव पडलं रॉकेटबाई.

आणि ही रॉकेटबाई आयुष्यात एकदाही लिफ्टमध्ये चढली नव्हती. राहायला तिसऱ्या मजल्यावर. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही, दोरीची गाठ. लहानपणी कुणी कपाटात कोंडलं होतं का, असं लोक विचारायचे. नव्हतं कोंडलं. भीतीला दर वेळी कारण असतंच असं नाही. काहींना नाक बसकं मिळतं, काहींना ही भीती. नणंद तर चारचौघांत म्हणायची, "आमच्या वहिनी चंद्रावर जातील, फक्त जिन्यानं न्या म्हणावं!"

तरी तिला ती पुस्तकं हवी असायची. खिडकीतून दिसणारी पृथ्वी, तरंगणारे पाण्याचे थेंब, भिंतीला बांधून घेतलेली झोप, परतल्यावर मातीचा पहिला वास. फक्त जिथं दार बंद होतं, ज्वाळा दिसतात, श्वास अडकतो, ती पानं नकोत. मग नवऱ्यानं तोड काढली. तो नकाशे काढणारा. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, लाल-हिरव्या पेन्सिली कायम खिशाला. नवीन पुस्तक आलं की आधी तो वाचायचा. भीती सुरू होते तिथं समासात लाल ठिपका, संपते तिथं हिरवा. ती लाल ठिपक्याशी थांबायची आणि हिरव्यापासून पुढे सुरू करायची. सिग्नल पाळावा तसं, बिनतक्रार.

वाचक पुस्तक परत करताना म्हणायचे, "बाई, तो आगीचा प्रसंग!" ती म्हणायची, "हो ना, अंगावर काटा येतो." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि गंमत अशी, की मुरलेल्या वाचकांना त्या ठिपक्यांचं गुपित कळलं होतं. ते थेट लाल ठिपक्यावरच पुस्तक उघडायचे. खरी मजा तिथंच, हे त्यांना पक्कं ठाऊक.

तर, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी जबड्याखाली गाठ आली. ती काढली. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की दिसतं ते कापून गेलं, न दिसणारं किरणांनीच मारावं लागेल. तीस दिवस, रोज दहा मिनिटं. त्यातले दोन दिवस असे वाया गेलेले.

बाहेरच्या बाकावर नवरा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरबाई समोर उभ्या. "रोज भूल देऊन हे करता येत नाही. झोपेची हलकी गोळी आज दिलीच होती, तिचा उपयोग तुम्ही पाहिलात. उद्या पुन्हा प्रयत्न करू. उद्याही जमलं नाही तर मला दुसरा मार्ग शोधावा लागेल, आणि तो इतका चांगला नाही. उरलेला आजार आपल्यासाठी थांबणार नाही, आजी."

नवऱ्यानं पिशवीचे बंद आवळले. त्याचा चेहरा तिच्यापेक्षा पांढरा पडला होता.

घरी परतल्यावर ती तीन जिने चढली, तिनं चपला काढल्या आणि सरळ कपाटाकडे गेली. निळं पुस्तक तिथंच होतं. पार खिळखिळं झालं म्हणून ग्रंथालयानं निवृत्तीच्या दिवशी तिलाच देऊन टाकलेलं. ते घेऊन ती गॅलरीत बसली. मागचं दार उघडं, समोर मोकळं आकाश, भर दुपारचं ऊन. लाल ठिपका सापडला. बोट सवयीनं हिरवा शोधायला निघालं. मशीनवाल्याला आठवतं ते मला ठाऊक नाही, ही लाज भीतीहून मोठी निघाली, म्हणून तिनं पुढची ओळ वाचली.

सतरा पानं होती.

परतीच्या कुपीत प्रत्येकाची बैठक त्याच्याच अंगावर प्लास्टरचा साचा घेऊन बनवतात. ओलं प्लास्टर पाठीमागे घट्ट होत गेलं तेव्हा तो माणूस लिहितो, 'जिवंतपणी पुरल्यासारखं वाटलं.' तिनं पुस्तक मिटलं. दोन्ही हात कठड्याला घट्ट धरून बसली. पुन्हा उघडलं. कुपीत तिघं, गुडघे छातीशी, पट्टे आवळलेले. सुटायला दोन तास अवकाश. हलता येत नाही, नाक खाजवता येत नाही. खालच्या केंद्रातून बोलणारा माणूस एकच, ओळखीच्या आवाजाचा. दुसऱ्या कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, असा नियमच. आणि मग त्या वीर माणसानं, ज्याच्या नावानं शाळा आहेत, रेडिओवर सांगितलं:

'मी घाबरलो आहे.'

खालून उत्तर आलं, 'नोंद केली. आता हवेचा दाब किती ते वाच.'

त्यानं दाब वाचला. खालून पुढचा प्रश्न आला. त्यानं त्याचंही उत्तर दिलं. भीती गेली नाही, तो लिहितो, पण तिची नोंद झाली होती, आणि नोंद झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडत नाही.

तिनं हे तीनदा वाचलं. मग जी उठली ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. नवरा चहाचं आधण ठेवत होता.

"अहो, चौतीस वर्षं मला अर्धीच पुस्तकं वाचायला दिलीत तुम्ही!"

"तूच म्हणाली होतीस ना, भीतीची पानं नकोत?"

"भीतीची नकोत म्हटलं होतं! त्यातून माणूस बाहेर कसा येतो तेही त्याच पानांत होतं. रोगाबरोबर औषधही फेकून दिलंत! आणि वर हिरवा ठिपका. म्हणे सगळं आलबेल!"

त्यानं आधणात चहापत्ती आणि दूध टाकलं. "मला कुठे ती पानं धड वाचता आली," तो म्हणाला. "सुरू झाली की लाल ठिपका द्यायचो, मग शेवट पाहायचो आणि हिरवा द्यायचो. मधलं नुसतं चाळायचो. मलाही भीती वाटते गं. तुला कशाला सांगायचं?"

तिला हसावं की रडावं कळेना. चौतीस वर्षं साऱ्या शहराला वाचायला लावलेली ती पानं, आणि घरातल्या दोघांनी ती वाचलेली नाहीत! चहा मात्र उतू गेला. त्यालाही कुणी ठिपका दिला नव्हता.

"उद्या तुम्ही वाचायची," ती म्हणाली. "मोठ्यानं. मला ऐकू येईल अशी."

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाला, "नातेवाईकाला काचेमागच्या माइकवर बसवणं नियमात बसत नाही. म्हणजे, बसत नाही असं कुठे लिहिलेलं मी वाचलं नाहीये." मग गंभीर होऊन म्हणाला, "हात वर केलात तर मी मशीन बंद करीन, मावशी. डोकं मात्र हलवू नका."

मुखवटा आला. एक. दोन. तीन. पापण्या जाळीला लागल्या. चार. तिचे पाय ताठ झाले. पाच. मशीनवाल्याची पावलं दूर गेली आणि तो जाड दरवाजा बंद होण्याचा आवाज आला. कपाट मिटल्यासारखा नाही, तिजोरी मिटल्यासारखा. श्वास आत गेला आणि अर्ध्यावर अडकला. हात वर करावा. आत्ता करावा. हात टेबलापासून दोन बोटं उचललाही गेला.

छतातून खरखर झाली. मग घसा साफ केल्याचा आवाज. लग्नापासून रोज सकाळी ऐकलेला.

"हॅलो. अगं, मी बोलतोय. वाचू का?"

हात खाली आला.

तो वाचू लागला. वाचन कसलं, दगडांवरून बैलगाडी. साचा आला, ओलं प्लास्टर आलं, 'जिवंतपणी' शब्दावर तो अडखळला आणि पुढे रेटत गेला. वर कुठेतरी मशीन घुमायला लागलं होतं. घामाचा एक थेंब कानाकडे निघाला, पुसता येत नव्हता. ती प्रत्येक शब्द धरून राहिली, कठडा धरावा तशी. तिघं बसले. पट्टे आवळले. दोन तास. ओळखीचा आवाज.

"...खालून उत्तर आलं, 'नोंद केली. आता हवेचा—'"

ओळ गाळली!

रोज सकाळी तो वर्तमानपत्र वाचून दाखवतो, ती केस विंचरत ऐकते. अपघाताची बातमी आली की हा हळूच ओळ गाळतो. मग ती कंगवा न थांबवता एक बोट वर करते. म्हणजे मागे जा.

मान न हलवता तिनं उजव्या हाताची तर्जनी उचलली.

छतातला आवाज थांबला. मागून मशीनवाल्याची घाबरी कुजबुज ऐकू आली, "काका, त्या बोट दाखवताहेत. बंद करू का?"

"नको," नवरा म्हणाला. "ओळ राहिली माझी."

मशीन घुमत राहिलं. घामाचा थेंब कानात उतरला. मग तो आवाज आला, बारीक, फाटलेला, पुस्तक वाचतोय असं मुळीच न वाटणारा.

"'मी घाबरलो आहे.'"

नोंद केली, ती मनात म्हणाली. तोंड उघडायला जागा नव्हतीच. तिनं बोट खाली ठेवलं, म्हणजे पुढे वाचा.