कवळीमावशीचा पाचवा दिवस

गल्लीत तिला कवळीमावशी म्हणत. डॉक्टर लोक दात काढायचे, पण बोळकं झालेल्या तोंडात पुन्हा दात बसायचे ते मावशीच्या हातचे. दोन खोल्यांचं दुकान. पुढच्या खोलीत पॉलिशचं यंत्र, प्लास्टरचे साचे, मेणाच्या लाद्या आणि फळीवर रांगेनं मांडलेल्या कवळ्या, सगळ्या दात विचकून बसलेल्या. मागच्या खोलीत एक खुर्ची, एक टीव्ही आणि त्याला जोडलेला क्रिकेटचा गेम.

हा गेम तिच्या लेकानंच आणून दिला होता. मावशीला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, डावा हात लुळा पडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले की बोटं सतत हलती ठेवा. रबरी चेंडू दाबून दाबून बाई कंटाळली. मग लेकानं ही शक्कल काढली. त्याला वाटलं, आई दोन-चार षटकार मारेल, हसेल, बोटंही हलतील. पण आई कसली वस्ताद! तिनं वीस षटकांच्या सामन्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती थेट कसोटीला बसली. पाच दिवसांची, अख्खी, सगळ्यात अवघड पातळीवर.

आणि तीही कशी, तर संघात एकच खेळाडू आपला. सलामीला येणारी 'मावशी'. बाकीचे दहा जण गेमच्या भरवशावर. ते खेळत असले की एक बटण दाबून पुढे जाता येतं, पण ते बटण मावशीला ठाऊकच नसावं अशी ती बसे. साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत खेळायचं, झालं की उठायचं. पडद्यावरचे खेळाडू जेवायला गेले की हीही डबा उघडणार, ते चहाला गेले की हिचाही चहा.

सून एकदा म्हणाली, "अहो आई, तुम्ही तर नुसत्या उभ्याच आहात की! खेळतोय तो दुसराच."

"नॉनस्ट्रायकर आहे मी," मावशी म्हणाली. "उभं राहणं हेही कामच असतं."

लेक-सून दुसऱ्या गावी राहायची. या खेपेला ती आली तीच मनाशी ठरवून. आता आईनं दुकान आवरावं आणि आपल्याकडे राहायला यावं. बोलणं काही वाईट नव्हतं, पोटातून आलेलं होतं. पण मावशीच्या कानाला ते गोड लागेना. शेवटी लेक जिथं नको तिथं बोट ठेवून बसला. सकाळीच मावशीच्या डाव्या हातातून एक साचा निसटला होता आणि त्याचे दोन तुकडे झाले होते. तुकडे अजून टेबलावरच होते.

"आई, हात चालत नाही तुझा. मान्य कर ना एकदा."

आता हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मावशीनं त्याच्याच बत्तिशीचं माप घेतलं असतं. पोटच्या पोराला काय बोलणार? ती आधी फुटका साचा बघत राहिली. मग म्हणाली, "आत ये."

मागच्या खोलीत तिनं टीव्ही लावला. चौथ्या दिवसाचा खेळ संपलेला. समोरच्यांनी धावांचा डोंगर रचून ठेवलेला, जिंकायची आशा नावालाही नाही. पाचवा दिवस नुसता तग धरून काढायचा होता.

"या डाव्या अंगठ्यानं पाय हलवायचे, उजव्यानं बॅट. उद्या दिवसभर मी खेळणार. मी बाद झाले तर दुकानाची किल्ली तुझी. मुकाट्यानं येते तुझ्याकडे. नाही झाले तर हा विषय तुझ्या तोंडातून पुन्हा निघता कामा नये."

"गेमवर दुकान लावतेस?"

"गेमवर नाही. तू हाताचं म्हणालास ना? मग हातच बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नव्या साच्यात प्लास्टर ओतलं, हात धुतले, खुर्चीत मांड ठोकली. किल्ली टीव्हीपुढे ठेवली. लेक बाजूच्या स्टुलावर, सून दारात.

बाहेरचा चेंडू सोडायचा. आतला अडवायचा. अंगावरचा खाली बसून जाऊ द्यायचा. एवढंच तिचं क्रिकेट. बघणाऱ्याला जांभया येतील असं, पण लेकाला एकही जांभई आली नाही. दुसऱ्या टोकाचे तिचे साथीदार एकेक करून बाद होऊन परतत होते. कुणी हावरटपणा करून झेल दिला, कुणी पळताना गोंधळ घातला. मावशी मात्र जागची हलेना. जेवणापर्यंत टिकली. चहापर्यंत टिकली. पण अंगठा आता थरथरायला लागला होता, आणि ते लपवायला तिनं हात पदराखाली घेतलेला लेकानं पाहिला.

चहाची वेळ झाली तशी ती आधण ठेवायला पुढे गेली. परत येऊन पहिलंच षटक खेळली आणि थबकली. चेंडू कसा येत होता? आळसावल्यासारखा. टप्पा पडून ना आत वळत होता, ना बाहेर. आंधळ्यानंही मारावा असा. तिनं एकही धाव घेतली नाही, खेळ थांबवला आणि मान वळवली.

"पातळी कुणी उतरवली?"

सून लेकाकडे बघायला लागली. लेक जमिनीकडे.

"अरे, तू तर समोरचा ना? मी बाद झाले तर तुझंच फावणार होतं!"

"बघवेना मला," तो पुटपुटला. "हात बघितला तुझा. म्हटलं, जिंकू दे तिला."

मावशी भडकली. अशी भडकली की पुढच्या खोलीतल्या कवळ्यांनीसुद्धा तोंडं मिटली असती. "बघवत नाही तर डोळे मीट! पण माझ्यासाठी चेंडू हळू करू नकोस. तू गावाला चल म्हणालास, राग आला, गिळला. पण हे? ही भीक झाली रे. मी म्हातारी झालेय, भिकारी नाही." पण पोरानं केलं ते मायेनंच केलं हे तिलाही कळत होतं. तिनं पातळी होती तिथं नेऊन ठेवली. "आता बस गप."

पुढचा चेंडू तोंडावर आला. ती वाकली. पुढचा आत वळला, बॅटची कड चुकवून गेला. सून दारातून आत येऊन कधी जमिनीवर बसली ते तिचं तिलाही कळलं नाही.

शेवटचा गडी आला तेव्हा थोडीच षटकं उरली होती. तो गडी म्हणजे नुसता बोलर, बॅट धरायचं वावडं. मावशी षटकाच्या शेवटी एक धाव काढायची आणि पुढचं षटकही आपल्याच वाट्याला घ्यायची. असं निभावत निभावत शेवटून दुसरं षटक आलं. त्याच्या शेवटच्या चेंडूवर तिनं बॅट घातली, चेंडू गेलाही नेमका मधून, पण एका क्षेत्ररक्षकानं आडवं पडून अडवला. धाव झाली नाही. आता शेवटचं षटक त्या बोलरला खेळायचं होतं, आणि मावशीच्या हातात काही नव्हतं. तिला हे नवीन नव्हतं. नवऱ्यानं काढलेलं हे दुकान. नवरा गेला, कारागीर मोठ्या लॅबला गेला, जुने डॉक्टर गेले. दर वेळी ही दुसऱ्या टोकाला उभी होती.

त्यानं दोन अडवले. तिसऱ्याला बॅट फिरवली आणि दांडी उडाली. पडद्यावर समोरचे नाचायला लागले.

लेकानं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे आई. थोडक्यात गेली मॅच. हरलीस तरी काय खेळलीस!"

"हरले?" मावशी म्हणाली. "धावफलक लाव."

त्यानं लावला. अकरा नावं. दहांपुढे कोण कसा बाद झाला ते लिहिलेलं. सगळ्यात वरचं नाव मावशी, आणि त्यापुढे एकच शब्द. नाबाद.

"वाच."

त्यानं वाचलं.

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं वाचलं. सूनबाई हसली आणि डोळे पुसायला लागली.

"संघ हरला," मावशी म्हणाली. "मला कुणी बाद केलं नाही." तिनं किल्ली उचलून कमरेला खोचली आणि पुढच्या खोलीत गेली. सकाळचं प्लास्टर केव्हाच घट्ट झालं होतं. तिनं साचा उचलायला हात घातला, थांबली, आणि मागं न बघता हाक मारली.

"अरे, ये इकडं. हा धर जरा. डावा हात दमलाय माझा."

लेक धावत आला. त्यानं साचा दोन्ही हातांनी धरला.

"आज दमलाय," मावशी म्हणाली. "आज म्हटलं मी."