सोन्याच्या गावातला एकच संडास

"तुझ्या आईला पाठव ना आधी. मावशींना सवय असते. त्यांनी एकदा पुसून घेतलं की मग आपण सगळ्या पटापट जाऊ."

वहिनींनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं. हातातलं टिश्यूचं पाकीट त्यांनी मला दिलं नाही, थेट आईपुढे धरलं. आईने ते घेतलं. पदर खोचला. आत गेली.

मी बघत राहिले. जर्मनीतलं डोंगरातलं छोटंसं गाव. ओढ्याकाठी लाकडी खोपटासारखी एक खोली, तिच्यात बायकांसाठी एकच संडास. बाहेर मराठी बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. आणि आत माझी आई. पाहुणी म्हणून आलेली. दुसऱ्यांची घाण पुसत होती.

मी तेव्हा स्टुटगार्टला नोकरी करत होते. शहराच्या त्सुफेनहाउझेन भागात गाड्यांचे सुटे भाग तयार करणारी एक कंपनी, तिथे कंत्राटावर इंजिनियर. वडील गेल्यावर आई घरात एकटीच बसून असायची, म्हणून तिला उन्हाळ्यात बोलावून घेतलं होतं. तिथे आपलं मराठी मंडळ आहे. गणपती, दिवाळी, वर्षातून एक सहल. वहिनी म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांची बायको. पोरं आजारी पडली तर डॉक्टर शोधून देतील, नवीन आलेल्याला घर मिळेपर्यंत जेवायला बोलावतील. वाईट बाई नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं अपमान करायला राक्षस लागतो.

पहिल्या गणपतीत त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "गावात घर कुठल्या बाजूला?" तेही मी सांगितलं. मला लपवायचं काहीच नव्हतं. त्या "अच्छा" म्हणाल्या. त्यानंतर दर वर्षी मला आरतीला बोलावलं, प्रसाद दिला, पण मोदक वळायला कधी बोलावलं नाही. ही माणसं हजारो मैल लांब आली, वाइन प्यायला शिकली, नाताळला झाड आणायला लागली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आईला मात्र सहलीचा फार आनंद झाला होता. नवीन स्वेटर घातला, केस नीट विंचरले, बसमध्ये खिडकीशी बसली. बसमध्ये आणखी दोन-तीन जणींच्या आया-सासवा होत्या. त्या सगळ्यांना पोरं काकू म्हणत होती. माझ्या आईला मावशी. कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं. दवाखान्यात, शाळेत, ऑफिसात फरशी पुसणाऱ्या बाईला आपल्याकडे जे म्हणतात ते.

आईला ब्लडप्रेशर आहे. सकाळी गोळी घेतली की तिला तासा-तासाला लघवीला जावं लागतं. बसमधला संडास ड्रायव्हरने कुलूप लावून ठेवला होता, बिघडलाय म्हणाला. वाटेत एकदा गाडी थांबली तेव्हा तिथली रांग बघून आई म्हणाली, "राहू दे, पुढं जाईन." मी तिला आग्रह केला नाही. पुढे गावच होतं.

गाव एकेकाळी सोन्यासाठी प्रसिद्ध होतं. डोंगरात सोनं सापडलं आणि कुठून कुठून माणसं धावत आली, असं अध्यक्षांनी बसमध्ये माइकवरून सांगितलं. आता सोनं नाही, पाट्या आहेत. पण आम्ही गेलो रविवारी. जर्मनीत इतकी वर्षं काढून मंडळाने छोट्या गावाची सहल रविवारी ठेवली. रविवारी इकडे दुकानं बंदच असतात, आणि त्या दिवशी म्युझियमही बंद. चौकातल्या संडासाच्या दारावर 'डेफेक्ट', म्हणजे बिघडलाय, असा कागद चिकटवलेला. एक कॅफे उघडा होता, त्याच्या मालकिणीने पन्नास माणसांचा घोळका पाहिला आणि दारातच हात आडवा केला. "फक्त गिऱ्हाइकांसाठी." आत चारच टेबलं, तीही भरलेली. चर्चला कुलूप. आम्ही उतारावरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. आई गप्प चालत होती. मी विचारलं, "फार लागलीय का?" ती म्हणाली, "दम धरवतो."

शेवटी ओढ्याजवळ ही खोली सापडली. आदल्या दिवशी तिथे जत्रा झाली होती, म्हणून आत नुसती घाण. वहिनींनी नाकाला रुमाल लावून डोकावून पाहिलं आणि मग ते गोड आवाजातलं वाक्य आलं.

आईला कोपऱ्यात बादली आणि ब्रश मिळाला. तिने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. नळावरून बादली भरून आणली आणि फरशीवर ओतली. इकडे फरशीला मोरी नसते. पाणी दाराखालून बाहेर आलं, वहिनींच्या बुटांपर्यंत. त्या मागे सरल्या. "मावशी, पाणी नाही ओतायचं इथे. हे इंडिया नाहीये." आणि हे म्हणताना त्यांच्याही हातात बाटली होतीच.

आई ओशाळली. सगळे टिश्यू घेऊन खाली बसली आणि पाणी टिपायला लागली. मी आत जाऊन तिच्या हातातून ते ओढायला लागले. तिने माझा हात झटकला. "जा तू बाहेर. इंजिनियर आहेस. लोक बघतायत. दोन हात मारले की झालं." ती मला वाचवत होती. मला ते कळत होतं आणि सहन होत नव्हतं.

मग एकेक जण आत जायला लागली. आई दाराशी उभी राहिली. प्रत्येकीची रिकामी बाटली नळावर भरून द्यायची, बाहेर आली की आत जाऊन एकदा पुसून घ्यायचं. तिला कुणी सांगितलं नाही. तिला कुणी नको पण म्हटलं नाही. वहिनी रांगेच्या बाजूला सावलीत उभ्या राहून, आता तू जा, आता तू, असं करत होत्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एक छोटी मुलगी, इथेच जन्मलेली, माझ्या आईकडे बोट दाखवून जर्मनमध्ये म्हणाली, "ही आजी का साफ करतेय?" तिच्या आईने मराठीत उत्तर दिलं, "त्यांना आवडतं."

तिकडे ओढ्यात पुरुष पँटी गुडघ्यापर्यंत वर करून उभे होते. हातात पसरट ताटल्या. गाळ उपसायचा, धुवायचा, सोन्याचा कण दिसतो का बघायचं. चिखल कोपरापर्यंत. खिदळत होते. सोन्यासाठी घाणीत हात घालायला सगळे पुढे.

त्या खोलीच्या दाराशी एक छोटं टेबल होतं आणि त्यावर पांढरी बशी. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी संडासाशी एक बाई असते. ती साफसफाई करते, लोक जाता-जाता बशीत नाणं टाकतात. त्या दिवशी ती बाई नव्हती, बशी मात्र होती. एक म्हातारी जर्मन बाई, गावात फिरायला आलेली, आमच्या रांगेतून आत जाऊन आली. तिने आईकडे पाहून हसून "डांके", म्हणजे थँक्यू, म्हटलं आणि बशीत नाणं टाकलं. निघून गेली.

आईने नाणं उचललं. उलटसुलट पाहिलं. मला म्हणाली, "हे काय दिलं गं तिनं? तिचं पडलं का?"

मी काही बोलायच्या आत मागून वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "बरोबर ओळखलं हो तिने."

रांगेतल्या सगळ्या हसल्या. मोठ्याने नाही. तोंडावर हात ठेवून, एकीमागून एक. त्या जर्मन बाईचा मला राग नाही. तिला काहीच माहीत नव्हतं. या सगळ्यांना माहीत होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट मी गार पडले. आणि तेव्हा माझं लक्ष आईच्या पायांकडे गेलं. एक पाऊल दुसऱ्या पावलावर दाबून ती उभी होती. थोडी वाकून. तशी उभी राहिलेली आई मी लहानपणी रोज पाहिली आहे.

आई आमच्या तालुक्याला पंचायत समितीच्या ऑफिसात झाडूवाली होती. साहेबांच्या संडासाची चावी तिच्याकडे असायची. रोज सकाळी तो ती धुवायची, पांढरा लख्ख करायची आणि कुलूप लावायची. आत बसायची तिला परवानगी नव्हती. मी शाळा सुटल्यावर तिच्याजवळ जायचे, तेव्हा ती व्हरांड्यात अशीच उभी असायची, पाऊल पावलावर दाबून, ऑफिस सुटायची वाट बघत. चावी कमरेला. उन्हाळ्यातसुद्धा दिवसभर पाणी प्यायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "तहान नाही लागत मला." किती वर्षं मला ते खरं वाटत होतं.

"आई, तू गेलीस का आत?"

"जाईन की. होऊ दे सगळ्यांचं."

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. सगळ्यांनी वापरून झाल्यावर, खात्री पटल्यावर. रिकामी बाटली त्यांनी आईपुढे केली. मी ती बाटली घेतली आणि टेबलावर ठेवली.

"थांबा वहिनी. आधी आई जाईल."

"अगं, मला अर्जंट आहे."

"तिला सकाळपासून अर्जंट आहे."

"मग सांगायचं ना त्यांनी. तोंड नाही का?"

"तिला सवय आहे," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणालात. दाबून धरायचीसुद्धा सवय आहे. ती आज मोडायचीय."

आई घाबरली. "गप बस, जाऊ दे त्यांना." मी तिला दोन्ही खांद्यांना धरून आत ढकललं, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.  

 मघाशी हसलेल्या सगळ्या मूग गिळून उभ्या. अध्यक्ष ओल्या पायांनी धावत आले. "काय चाललंय? गाडी सुटायची वेळ झाली."

वहिनी म्हणाल्या, "बघा ना हिचं. आपण प्रेमाने वागवायचं आणि या लोकांनी असं करायचं."

या लोकांनी. शेवटी आलंच तोंडावर.

अध्यक्ष मला समजावायला लागले. "हे बघ, एवढ्याशा गोष्टीत जात कशाला आणायची? इथे आपण सगळे सारखे."

"जात मी आणली? टिश्यूचं पाकीट मी दिलं होतं? सारखे आहात तर मघाशी तुमच्या आईला का नाही सांगितलं पुसायला? त्यापण आल्यात."

त्यांच्या आई रांगेशेजारच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "तमाशा नकोय मला," ते म्हणाले आणि गाडीकडे गेले.

आईने वेळ घेतला. मी आतून येणारा प्रत्येक आवाज ऐकत होते आणि बाहेरची प्रत्येक नजर झेलत होते. ती बाहेर आली, नळावर हात धुतले, पदर खोचलेला होता तो सोडून नीट केला. वहिनी माझ्याकडे न बघता आत गेल्या. पुसून बसल्या की तशाच, मला माहीत नाही. पुसायला कुणी नव्हतं एवढं खरं.

बसमध्ये आमच्या पुढची आणि मागची सीट रिकामी राहिली. भेंड्या सुरू झाल्या, पण रंगल्या नाहीत. आई माझ्यावर चिडली होती. हळू आवाजात म्हणाली, "परक्या मुलखात चार माणसं आपली. त्यांच्याशी वाकडं घेतलंस. उद्या आजारी पडलीस तर कोण येईल?"

"ती आपली?"

 ती खिडकीबाहेर बघत बसली.  गाडी हायवेला लागली, अंधारून आलं नव्हतं अजून. मग तिने पुन्हा पाय जवळ घेतले. मी उठले, "सांगते मी गाडी थांबवायला."

तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. "मीच सांगते," म्हणाली.

सीटा धरत धरत ती पुढे गेली.  आयुष्यात तिने कुठल्या साहेबाला स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. ती अध्यक्षांच्या सीटपाशी उभी राहिली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, गाडी थांबवायला सांगा. मला लघवीला जायचंय."

गाणं थांबलं. अध्यक्ष म्हणाले, "मावशी, अर्ध्या तासात घरीच पोचतोय. जरा धरा."

"लई वर्षं धरलं. आता थांबवा."

गाडी पुढच्या थांब्यावर थांबली. आई एकटीच उतरली. मी सोबत गेले नाही, तिने बोलावलंही नाही. अख्खं मंडळ काचेतून बघत बसून राहिलं, एका झाडूवालीसाठी. परत येताना ती घाईने चालली नाही. वहिनींच्या शेजारून गेली, त्यांच्याकडे बघत गेली.

दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की काही सभासदांमुळे मंडळाचं वातावरण बिघडतं. नाव नव्हतं. मला दोघी-तिघींनी फोन करून सुचवलं की थोडे दिवस येऊ नकोस, आपोआप निवळेल. मी सोडून जावं ही सोय त्यांना हवी होती. ती मी देणार नाही.

गणपतीला मी गेले. आईला घेऊन गेले. मोदक वळायला बायका बसल्या होत्या, तिथे कुणी न बोलावता आम्ही हात धुऊन बसलो. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. जागा जास्तच झाली. नवीन आलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिने हसून आडनाव विचारलं. मी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, गावात घर कुठल्या बाजूला ते सांगितलं आणि ही शेजारी बसलेली माझी आई संडास धुवायची हेही सांगितलं. तिला पुढचं काही विचारायला मी शिल्लक ठेवलं नाही. ज्याला उठायचं त्याने उठावं. मी उठणार नाही.