गेल्या वर्षीप्रमाणे

सरकारी कचेरीत फायलींसारखे किस्सेही साचतात. फाईल निदान कधीतरी कुणी मागवतं. किस्से ऐकायला आपल्या भाषेचं माणूस लागतं. पन्नासच्या दशकात मी साताऱ्याहून मद्रासला आलो, लावलेल्या जंगलांचे आकडे जुळवायला. तिथे असं माणूस एकच होतं, आमचे हेडक्लार्क रामराव, तंजावरचे मराठी.

*

एका साली किनाऱ्यावरचं एक जंगल कागदावर दुप्पट झालं. साहेब खूश. रामरावांनी कागद चाळले. एकाच जंगलाची माहिती दोनदा आली होती, एकदा तमिळ ‘सवुक्कू’ म्हणून, एकदा इंग्रजी ‘कॅज्युरिना’ म्हणून. म्हणजे आपलं सुरूचं झाड! रामराव मला म्हणाले, “एका पोराचीं नांवें दोन, तर तुम्ही पानें दोन मांडलांत.”

*

एका रेंजरला विचारलं, झाडं कशी मोजली? उत्तर आलं, “जीपमधून.” उतरून मोजा, असं कळवलं. उत्तर आलं, “उतरून मोजली. कमी भरली. जीपमधलेच आकडे ठेवावेत, ही विनंती.”

*

एका रोपवनापुढे वर्षानुवर्षं एकच शेरा असे, ‘गेल्या वर्षीप्रमाणे’. रामराव मला घेऊन तिथे गेले. झाड एकही नव्हतं, कोळी जाळी वाळवत होते. “वादळात गेलं,” एकजण म्हणाला, “माझ्या लग्नाआधीच.”

परतल्यावर रामरावांनी फर्मान काढलं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि ‘गेल्या वर्षीप्रमाणे’ हे शब्द कचेरीत बंद.

*

बंद फक्त इतरांना. शेजारच्या टेबलावरचा नटराजन रामरावांच्या बायकोला तिकडच्या रीतीने मामी म्हणे, आणि रोज विचारी, “मामी कशा आहेत?” रामराव म्हणत, “गेल्या वर्षीप्रमाणे.” सगळे हसत.

मी ट्रिप्लिकेनला एकटा राहायचो, मेसमध्ये जेवायचो. रविवारी तोंडातून शब्द निघायचा नाही. मराठी घरात कुणी ‘अजून वाढू का’ म्हणावं, एवढ्यासाठी जीव तुटायचा. जेवायला येऊ का, असं मी रामरावांना निर्लज्जपणे विचारायचो. ते म्हणायचे, “घरांत बरें न्हवे. मागाहून येवा.”

*

शेवटी एका रविवारी नटराजनकडून पत्ता घेऊन मी न सांगता मैलापूरला त्यांच्या घरी गेलो. दार रामरावांनीच उघडलं. समोर भिंतीवर मामींचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार होता, आणि हारावर धूळ.

“बसा,” म्हणून ते आत गेले. भात त्यांनीच रांधला होता. माणसं आम्ही दोन, पानं त्यांनी तीन मांडली.

सोमवारी नटराजनने मला गाठलं. “गेला होतास ना? आता तू डोळ्यांनी पाहिलंस. सांग, मामी कशा आहेत?”

रामराव खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत होते.

मी म्हणालो, “गेल्या वर्षीप्रमाणे.”